दुसरा डबा सडक अर्जुनीले

आमच्या गोंदियाच्या घरमालक काकांचा एकट्या वस्तूवर काडीचा भरोसा नव्हता. देवानं एकच नाक देलं याचाही त्यायले राग असन. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन कंगवे, अन् डोक्यावर केस मोजून बारा. खिशात दोन रुमाल पाहून मी म्हटलं, "काका, सर्दी तं एकच आहे ना?" तं म्हणे, "पोरी, रुमाल हरपला तं सर्दी थांबून राहते का?"

काका राईस मिलवाल्यांचे मेल सांभाळत. मेल ज्या डब्यात उतरे त्याले म्हणत सरवर. एक सरवर आमच्या खालच्या खोलीत, अन् त्याचा जुळा भाऊ सडक अर्जुनी गावाले, काकांच्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या घरी, धानाच्या कोठीजवळ. इकडं पत्र आलं का घडीभऱ्यात तिकडं नक्कल. "गोंदिया जळलं तरी पत्र वाचते," असं इतक्या आनंदानं सांगत, जसं का गोंदिया जळाची वाटच पाहून राहिले! पण आक्का इस्त्रीसाठी डब्याचा पिलग काढे, अन् काढला रे काढला का इकडच्या पडद्यावर दिसे, अन् तिकडं काकांचा फोन वाजे. "आक्का, ते सरवर आहे, टेबलफॅन नाही!" तिकडून आक्का, "मंग माझा नवरा, तुझा भाटवा, चुरगळलेला शर्ट घालून शाळेत शिकवाले जाईन का?"

तवा माझा सोन्या आठ महिन्यांचा, हृदयात छेद. नागपूरचे डॉक्टर म्हणे, ऑपरेशनची तारीख मेलवर येईन, चुकली तं मंग कवा भेटन सांगता येत नाही. मेलचा पत्ता काकांनीच काढून देला. सोन्याचा बाप ट्रक घेऊन रायपूरकडं. एक दिवस काका खालून ओरडले, "पोरी, आलं तुझं पत्र!" मी सोन्याले कडेवर घेऊन धावली, सातवी शिकलेली मी, वाचाले वाकली अन् बोट भलत्याच बटनावर पडलं. पत्र गायब! दवाखान्याचा फोन कोणी उचलेना.

"रडतं कायले? सडक अर्जुनी कायसाठी आहे?" काका हसले, अन् हसता हसता चेहरा उतरला. त्या शहाण्या माणसानं असं करून ठेवलं होतं का इकडं जे होईन तेच तिकडं. इकडं पुसलं का तिकडंही पुसलं. गाव जळाची सोय होती, माझ्या बोटाची नव्हती!

मंग त्यांची नजर पडद्यावर गेली. लाल अक्षरात, सडक अर्जुनी बंद. माझ्या गडबडीत पाहिलंच नव्हतं. पत्राची नक्कल तिकडं पोचली अन् मंग पिलग निघाला, म्हणजे माझं पुसणं तिकडं पोचलंच नव्हतं. एरवी थयथय नाचत, त्या दिवशी हात जोडले अन् फोन लावला.

"आक्का, इस्त्री करून राहिली का वो?"

"झालीच, लावते तुझा डबा, ओरडू नको."

"लावू नको! पाया पडतो, लावू नको!"

"रोज म्हणतं लाव, आज म्हणतं लावू नको. डॉक्टरले दाखव रे बापा."

काका फटफटीवर निघाले, एक हेल्मेट डोक्यावर, एक हँडलले. तिथं पहिले डब्याची टेलिफोनची तार काढली, पुसणं तिच्यावरूनच येई, मंगच डबा चालू केला. सांजच्याले पत्र घेऊन आले, दोन कागदांवर. सोमवार, सकाळी आठ. एक कागद मले देला, दुसरा स्वतःच्या खिशात. "तू हरपवशीन." अन् सोमवारी संग नागपूरलेही आले, दोन थर्मास घेऊन.

सोन्या आता शाळेच्या भिंतीवरून उड्या मारते. काका गेले. मिलवाल्यांनी मेल दुसरीकडं नेले. मागं आक्काकडं गेली तं कोठीजवळ डबा अजून घुरघुर करूनच राहिला, रिकामाच. म्हटलं, "आक्का, इस्त्री?"

"शेजारी नेते कपडे," ती म्हणे. "पिलग काढला, अन् ओरडाले कोणाचा फोनच नाही आला तं?"