अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

आमच्या गुरुजींनी मला फसवलं. पैशांत नाही, एका संख्येत.

मी सातवीत होतो. गुरुजींनी फळ्यावर ओळीनं सात वेळा एक लिहिला आणि म्हणाले, "या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. मी शंभरपर्यंत तपासलंय."

आमचं घर मेंढरांचं. संध्याकाळी मेंढरं वाड्यांत सारखी वाटायची आणि एखाद्या वाड्यात कमी भरली की हुडकायला निघायचं, ही बापाची रीत. शंभराला थांबायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. कळपामागं फिरताना काठीनं मातीत भागाकार करत सुटलो. आकड्यांची बेरीज सात, म्हणून तीन आणि नऊ गेले. शेवटी एक, म्हणून दोन आणि पाच गेले. शंभर संपले, दोनशे संपले. दोनशे एकोणचाळीसला काहीच उरलं नाही. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. गुरुजींनी फळ्यावर भागायला घेतलं, दोन आकडे लिहिले, थांबले आणि सगळं पुसून टाकलं.

"बाकी उरते. मेंढरं वळ बे तू."

वर्ग हसला. तेव्हापासून गावात माझं नाव 'बाकी'. आज गेवराईच्या बाजारात माझ्या शब्दावर शेळ्यांचा भाव ठरतो, पण गावाकडचा कुणी भेटला की हाक येतेच, "काय बाकीशेठ, लई माल आणला?"

परवा नातीला सोडायला शाळेत गेलो. भिंतीवर रंगवलेलं: ११,११,१११ = २३९ × ४६४९. खाली 'शोधक' म्हणून गुरुजींचं नाव. जगात हे कुणीतरी फार आधी काढलेलं आहे, मोबाइलवर लगेच दिसतं. पण आमच्या गावात ते मी काढलं होतं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. हायवेवर ट्रकचा नंबर दिसला की भागत बसतो. शेवटी गुरुजींच्या ओसरीवर गेलो.

"भिंतीवर काय लिहिलंय, गुरुजी?"

"अरे, तुझंही होतं त्यात थोडं."

"थोडं म्हंजे किती? दोनशे एकोणचाळीस माझं का चार हजार सहाशे एकोणपन्नास?"

ते हसले. माझा हात धरून त्यावर आपला पंचा टाकला. "बाजारात तुम्ही रुमालाखाली बोटं दाबून सौदा करता ना? तसंच मिटवू. तुझं बरोबर होतं. झालं?"

मी हात ओढून घेतला. रुमालाखाली फक्त भाव झाकतात. शेळी चारचौघांत उभी असते.

गुरुजी, मला खोटं ठरवलंत ते वर्गासमोर, फळ्यावर. आता त्याच फळ्यापाशी या. दोन आकड्यांवर सोडलेला भागाकार पुरा करा आणि बाकी किती उरली, ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगा.