तळाशी मऊ असतं का

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची माणसं पाण्यात सोडायचं काम चालत आलंय. वडील रामकुंडावर विधी सांगतात. लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात आणि कुंडात त्या विरघळून जातात, अशी श्रद्धा आहे. मी समुद्रात काय विरघळत नाही, काय तळाशी बसतं, ते मोजते. धाकटा भाऊ चिडवायचा, "बाबा टाकतात, ताई उपसते. घरातल्या घरात धंदा!"

समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. खारट पाण्यात तग धरण्यासाठी त्या अंगात गंधकाचं एक संयुग तयार करतात. त्या मेल्या की त्यातलं बरंचसं पाण्यात पसरतं, थोडं वायू होऊन उडतं. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यात हा वायू असतो. राहिलेलं मेलेल्या वनस्पतींच्या गोळ्यांबरोबर खाली जातं, आणि किनाऱ्याजवळ पाणी उथळ असल्यामुळे तळापर्यंत पोचतं. किती पोचतं ते बघायला आम्ही पाण्यात नळ्या टांगून ठेवतो. वरून जे पडतं ते त्यांत साठतं. तपकिरी आणि पिंजलेल्या कापसासारखं दिसतं ते.

भाऊ सातपूरला कारखान्यात होता. सुट्टी काढून मित्रांबरोबर माझं काम बघायला किनाऱ्यावर आला, पोहायला उतरला आणि परत आला नाही. मित्र आले. बोटी फिरल्या, कोळ्यांनी जाळी टाकली, काहीच हाती लागलं नाही. आमच्या नळ्या तेव्हा समोरच पाण्यात होत्या. नंतर त्या मीच वर काढल्या. नमुने प्रयोगशाळेत गेले आणि एक बाटली मी घरी, नाशिकला घेऊन आले. का आणली ते मला आजही सांगता येत नाही.

फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवलेली ती बाटली आईला सापडली. कुठल्या पाण्यातली ते मी सांगितलं. तिने कधी समुद्र पाहिला नव्हता. तिने झाकण उघडून वास घेतला आणि परत ठेवली. त्या दिवसापासून घराला वास यायला लागला, उकडलेल्या कोबीसारखा, ओलसर. बाटलीतला एवढासा वायू बघता बघता उडून जायला हवा होता. मी फ्रीज धुतला, खिडक्या उघड्या टाकल्या. एका दुपारी भावाचं बंद कपाट उघडलं, तर इस्त्रीच्या शर्टांनाच तो वास सगळ्यात जास्त होता. मी घाबरले. आणि मग माझाच मला भयंकर राग आला, कारण शिकलेलं काहीएक उपयोगी पडत नव्हतं.

आई मेथी निवडत होती. "खाली पोचायला वेळ लागतो का गं?" तिने विचारलं.

"लागतो थोडा."

"तळाशी काय असतं?"

"चिखल."

"मऊ असतो?"

"हो, मऊ असतो."

तिने मान हलवली आणि पुढची जुडी सोडली.

देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. त्याआधी गुरुजी विचारतात, काहीच मिळालं नाही ना? एखादं हाड जरी मिळालं असेल, तरी पुतळा करत नाहीत. बाबांनी हा प्रश्न आयुष्यभर लोकांना विचारला होता. भावाच्या विधीच्या दिवशी घाटावर त्यांचे स्नेही गुरुजी म्हणून बसले आणि पानं बाबांनी मांडली. पुतळा नेहमीपेक्षा लांब झाला. भाऊ ताडमाड होता.

गुरुजींनी प्रश्न विचारला. बाबा उत्तर देणार, तेवढ्यात आईने पदराआडून बाटली काढली. "मिळालंय," ती म्हणाली.

तिच्यावर कुणीच ओरडलं नाही, याचीच मला भीती वाटली. बाबा माझ्याजवळ आले. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द विचारला नव्हता. "तू मोजतेस ना? यात तो आहे का? खरं सांग. खोट्यावर विधी होत नाही."

त्या पाण्यात जे जे होतं, ते सगळं त्या नळीत पडलं होतं. त्यातून एकाला वेगळं काढणारं यंत्र माझ्याकडे नव्हतं.

"तो यात नाही, असं मी म्हणू शकत नाही," मी म्हणाले.

बाबांनी वाकून पानं गोळा केली. पायांकडून सुरुवात केली आणि चेहऱ्याच्या जागी ठेवलेला नारळ शेवटी उचलला.

मग आम्ही रामकुंडात उतरलो. आईने बाटली ओतली. तपकिरी ढग सावकाश खाली गेला, अगदी समुद्रात जातो तसा. बाबा सगळ्यांना सांगतात तसं म्हणाले, "विरघळला." मला दिसत होतं की नाही विरघळला. आमच्या पायांशी, पाण्यातल्या पायरीवर तो जाऊन बसला होता. आईलाही दिसलं. तिने वाकून पाण्यात हात घातला आणि त्याच्याखाली तळवा सरकवून चाचपून बघितलं.

"दगड आहे गं इथे," ती म्हणाली. "तिथे मऊ होतं. उगाच आणलं आपण त्याला."