खेळांना दिलेला शनिवार

उज्जैनला मध्यभारताचे हिवाळी खेळ सुरू झाले, तेव्हा रेशनच्या ज्वारीत निम्मे खडे असायचे. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, संस्थानं जाऊन नवं राज्य झालेलं, आणि त्या राज्याला आपणही कुणीतरी आहोत हे दाखवायची भारी हौस. तिजोरीत खडखडाट होता, म्हणून फ्रीगंजच्या पलीकडे लोकांनीच श्रमदानाने मैदान केलं. खेळाडूंनी जेवायचं कुठे, असा प्रश्न सभेत निघाला आणि आमच्या शेजारचे ड्रिलमास्तर भय्यासाहेब तावातावाने उठून म्हणाले, "शनिवार आमच्याकडे."

गरीब विद्यार्थ्याला आठवड्यातला एक वार जेवू घालायचा, ही आपल्या लोकांची जुनी रीत. दिलेला वार तो शिकून जाईपर्यंत मोडायचा नसतो. भय्यासाहेबांनी मात्र वार खेळांनाच देऊन टाकला. विद्यार्थी कधीतरी शिकून जातो, खेळ कुठे जाणार? दर थंडीत ते यायचेच, आणि एरवीही सरावाला आलेले कुणी ना कुणी देवास गेटच्या मोटारस्टँडवर उतरून शनिवारी आमच्या गल्लीत हजर असायचे. घरी आधी विचारावं, हे भय्यासाहेबांच्या गावीही नव्हतं.

रांधायला एकट्या त्यांच्या बायको, अंबिकाकाकू. मी त्यांच्याबरोबर ज्वारी निवडायला बसायची. त्या कुरकुरत नसत, पण बोलणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. भाकरी थापता थापता हात थांबायचे आणि त्या चुलीकडे नुसत्या बघत राहायच्या. मला भय्यासाहेबांचा फार राग यायचा. गावभर त्यांच्या पाहुणचाराची वाहवा, आणि काकूंना त्या मैदानाचं तोंडही माहीत नाही!

छप्पन सालच्या जानेवारीत भय्यासाहेब जेवताना म्हणाले, "आता मध्यभारतच मोडणार म्हणतात. हे खेळ शेवटचेच समजा."

काकूंनी ताट वाढता वाढता सांगितलं, "मग मला मल्लखांब बघायचाय. एकदा तरी."

"अगं, पण फायनल तर शनिवारी आहे."

"असू दे. वार मोडत नाही मी. डबे भरून मैदानावरच आणीन."

त्या शनिवारी काकू पहाटेच्या अंधारात उठल्या. भाकऱ्या, पिठलं, लसणाची चटणी, सगळं टोपल्यांत भरून आम्ही दोघी टांग्याने मैदानावर गेलो. सगळ्यांना वाढलं, खरकटं आवरलं, आणि काकू पहिल्यांदाच मैदानाच्या पायऱ्यांवर टेकल्या. पाठीवर छान ऊन येत होतं. मल्लखांबाला तेल लावेपर्यंत त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली होती.

मी हलवलं, हाका मारल्या. त्या "हो, हो, उठते" म्हणाल्या आणि परत झोपल्या. इतकी दमलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. टाळ्यांनीसुद्धा त्यांना जाग आली नाही. लोक उठून चालायला लागले, तेव्हा डोळे उघडले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," भय्यासाहेब म्हणाले. रिकाम्या टोपल्या त्यांनी स्वतःच उचलून टांग्यात नेऊन ठेवल्या. काकू टांग्यात पदराआड रडल्या. मलाही रडू आलं.

नोव्हेंबरात मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात विलीन झालं, राजधानी भोपाळला गेली, खेळ बंद पडले. मैदानात बाभळी उगवल्या. त्या खेळांचं गावाला काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मी काकूंची चूल दाखवीन, कारण वार काही विलीन झाला नाही. खेळ बंद पडल्याचं ज्यांना कळलं नव्हतं, ते लोक येतच राहिले.

त्या थंडीत एका शनिवारी रतलामकडचा एक तरुण दारात उभा राहिला. खांद्यावर दोरीच्या मल्लखांबाची जाड दोरी होती.

"खाना यहीं मिलता है न, खिलाड़ियों का?"

भय्यासाहेब चपळाईने पुढे झाले. "नहीं भई, अब वो सब बंद हो गया."

मला वाटलं, सुटल्या बाई एकदाच्या. तेवढ्यात काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"मिलेगा. पण आधी करके दिखाओ."

"यहाँ?"

त्यांनी अंगणातल्या निंबाकडे बोट केलं. त्याने जाड फांदी बघून दोरी बांधली, ओढून पाहिली आणि सरसर वर चढला. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलटा झाला, कमरेला वेढा घेऊन हात सोडून आडवा तरंगला. भय्यासाहेब सवयीने काहीतरी समजावून सांगायला लागले.

"अहो, गप्प बसा हो जरा," काकू म्हणाल्या.

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मी उठायला लागले, तर त्यांनी वर बघत बघतच माझा हात धरून मला खाली बसवलं.