विजयच्या नावाची पाटी

विजय गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. मी अमरावतीला भाचीच्या लग्नात होते, हातात जेवणाचं ताट होतं. ज्या शिकवणी संस्थेत तो पूर्वी स्पॅनिश शिकवायचा, तिच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, मागे स्पेनचा झेंडा आणि खाली ‘आदिओस, सर’, म्हणजे स्पॅनिशमध्ये निरोप. शी! काटोलचा माणूस गेला आणि यांना मराठीत दोन शब्द सुचू नयेत? खाली हात जोडलेली चित्रं, एकामागून एक... मी ताट तसंच ठेवून दिलं.

काटोलहून आम्ही दोघं एकाच बसने नागपूरला कॉलेजात यायचो. पुढे मी मराठी शिकवू लागले आणि हा हैदराबादला जाऊन स्पॅनिश शिकून आला. घरच्यांनी कपाळाला हात लावला. त्याने नागपुरातल्या नंदनवन वस्तीत घर केलं, समोरच्या खोलीत बाकं टाकली आणि पोरांना स्पॅनिश शिकवू लागला, तेही वऱ्हाडीतून. नंतर संस्थेने बोलावलं, तर तिथेही तेच. नागपूरलगतच्या वाडीतल्या गोदामात दिवसभर राबून आलेली पोरं त्याच्या वर्गात न लाजता तोंड उघडायची. मी विचारलं, हे काय नवीन खूळ, तर म्हणाला, “स्पेनातबी घरोघरी येगळ्या भाषा हाय वं शैला. तिथं स्पॅनिश मालकीण. आपल्या देशात आधीच एवढ्या भाषा, इथं तं ते पाहुणी. पाहुणीनं यावं, बसावं, चहा प्यावा... घरच्यायले काहून हाकलावं?”

मागच्या हिवाळ्यात स्पेनमधले काही संत्रा बागायतदार काटोलला आले. दुभाषी विजय, संस्थेचे संचालक कोट घालून हजर, आणि गावची म्हणून मीही गेले. बागेत उभं राहून एका वृद्ध पाहुण्याने सांगितलं, की त्याची घरची भाषा स्पॅनिश नाहीच. लहानपणी शाळेत घरची भाषा बोलला की मास्तर छडी मारायचे. विजयने ते वऱ्हाडीत सांगितलं. शेतकरी आधी हसले, मग पाहुण्याच्या जवळ सरकले. एक म्हातारेबुवा म्हणाले, “मंग हा तं आपल्यातलाच निघाला गा!” संचालकांनी विजयला बाजूला ओढलं. “सर, शुद्ध बोला ना जरा. व्हिडिओ निघून राहिला!” स्वतःचं ‘निघून राहिला’ त्यांना ऐकूही आलं नाही.

आठवडाभरात विजयचा वर्ग काढून घेतला. कारण काय, तर मुलांची भाषा बिघडते! वर्गाच्या दारावर नियम लागला: आत फक्त इंग्रजी आणि स्पॅनिश. मला किळस आली. आजही येते. विजय घरच्या खोलीत शिकवत राहिला, पण पोरं कमी झाली आणि त्याचं बोलणंही... मग एका दुपारी छातीत दुखायला लागलं आणि सगळं संपलं.

शोकसभेत तेच संचालक बहुभाषिक भारतावर इंग्रजीत बोलले. बोलणं संपता संपेना. शेवटी जाहीर केलं, स्पॅनिशच्या वर्गाला विजयचं नाव देणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! लाज कशी वाटत नाही या माणसांना? विजयची बायको कल्पना माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती.

परवा संचालकांचा मला फोन आला. पाटी तयार आहे, वहिनींना तारीख विचारून सांगा. मी नंदनवनात गेले. समोरच्या खोलीत कल्पना बाकं पुसत होती. निरोप सांगितला, तरी तिचा हात थांबला नाही.

“दारावरचा थो नियम काढला का त्यायनं?”

“नाही.”

“मंग त्यायले सांग वं, आधी थो काढा. इथं वऱ्हाडी चालते, असं लिवा. मंग लावा म्हणा नाव.”

मी विजयच्या बाकावर बसूनच संचालकांना फोन लावला आणि तिचा शब्द न् शब्द, तिच्याच बोलीत, सांगितला.

“बघतो मॅडम, कळवतो.”

अजून कळवलेलं नाही.