तीन एकर सोयाबीन आणि माझा सल्ला

समस्त सुज्ञ जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, अमडापूरच्या शिवारात तीन एकर सोयाबीनवर विषप्रयोग करणारा इसम सापडला आहे. तो चिखलीत जीवशास्त्र शिकवतो, आणि तो मीच.

शेत थोरला भाऊ करतो. मी रविवारी बांधावर उभा राहून सल्ले देतो. त्या रविवारी दादाच्या एका हातात तणनाशक होतं, दुसऱ्या हातात अळीचं औषध. मजूर एकाच दिवसापुरता कबूल झालेला.

"मास्तर, दोन्ही एकाच पंपात चालते का बे?"

"चालते काय, पळते!" मी म्हणालो. डब्यावरचा कागद उलगडलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर शेत पिवळंधमक. शेंड्याची पानं आकसलेली, झाडं जागीच खुंटलेली. दुबार पेरायचे दिवस कधीच निघून गेले होते.

"कृषी केंद्रवाल्यानं डुप्लिकेट माल देल्ला," दादा म्हणाला. "उद्या त्याले दुकानातून बाहेरच ओढतो."

"भाऊजी, तुम्हीबी जा संगं," वहिनी म्हणाली. "शिकेल माणूस पाह्यजे."

शिकलेल्या माणसानं संध्याकाळी स्वतःचंच पुस्तक उघडलं. दरवर्षी खडू उडवत शिकवतो तेच प्रकरण: सायटोक्रोम पी-४५०, विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं, अफाट घराणं. वाचता वाचता मला डब्यावरचा तो न उलगडलेला कागद आठवला.

सकाळी दादा माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. पुराव्यासाठी उपटलेली दोन झाडं त्यानं ओल्या फडक्यात धरली होती. वाटभर तो दुकानदाराला द्यायच्या शिव्यांची तालीम करत होता आणि प्रत्येक शिवी माझ्या पाठीत बसत होती. दुकानासमोर गाडी लावली आणि मी त्याला आडवा झालो.

"दादा, थांब. माल चांगला होता. चूक माही हाये."

"म्हंजे?"

"पेशीत विकरांचं एक मोठं खानदान असते. आपल्या यकृतात गोळ्या-औषधं फोडते ते त्यातलेच. हार्मोन बनवते तेही त्यातलेच. सोयाबीनमधले विकर तणनाशक फोडते, म्हणून तण मरते अन् सोयाबीन जगते. आपण त्याच पंपात अळीचं औषध टाकलं. त्यानं त्या विकरांचेच हात बांधले."

दादानं फडकं सोडलं. एका झाडाचा आकसलेला शेंडा नखानं हळूच उकलला. आत तांदळाएवढं एक पान होतं, कोवळं आणि हिरवं. दुसरा शेंडा उकलला. तिथंही तसंच. पीक मेलं नव्हतं, सावरत होतं. त्यानं इतका लांब श्वास सोडला की माझाही अडकलेला श्वास सुटला.

तेवढ्यात दुकानदार पायरीवर आला. "काय पाह्यजे भाऊ?"

दादानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. झाडं माझ्या नाकासमोर नाचवत तो भर रस्त्यात ओरडला, "एवढं मोठं खानदान अंगात राबून राह्यलं, अन् त्यातला एकही तुह्या डोक्यात कामाले नाही गेला काय बे?"