सोन्याच्या पेनातलं पंचामृत

पेनात शाई भरतात, हे आमच्या आत्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिचाही दोष नाही. ते पेनच असं होतं की पाहणाऱ्याचे हात आधी जोडले जायचे.

पेन आत्याच्या धाकट्या दिराचं, बापूंचं. बापू पलटणीत. कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या कैद्यांवर पहारा करायला आपली माणसं गेली, त्यांत हेही गेले, आणि तिथल्या एका सोनाराकडून हे पेन घडवून डोंबिवलीला परतले. अंगभर सोनं, त्यावर कोरलेल्या लाटा, टोपणावर एका पायावर उभा असलेला पक्षी. आणि खिशाला अडकवायची क्लिप म्हणजे त्या पक्ष्याची लांबलचक चोच! खाली कोरियन अक्षरं. नुसते गोल आणि काड्या. आत्याचे यजमान, नाना, बी.ए. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी पाचवीतून शाळा सोडलेला. मलाही काही वाचता येईना. विद्वत्तेत मी नानांच्या बरोबरीला आलो तो हा एकमेव प्रसंग!

"कोरियाचं आहे," बापू म्हणाले.

"कोरीव आहे ते दिसतंय हो भावजी, पण आणलंत कुठून?"

"कोरियाहून, वहिनी!"

"बरं, कोरीव तर कोरीव. हंस मात्र छान काढलाय."

"हंस नाही, करकोचा आहे तो."

"मला तर बगळा वाटतोय," नाना म्हणाले.

"सोन्याचा बगळा कोण घडवेल? सरस्वतीचा हंस आहे तो!" आत्याने निकाल दिला. त्या घरात अपिलाची सोय नव्हती.

मी तेव्हा वेंगुर्ल्याहून बोटीने येऊन आत्याच्या आश्रयाला पडलेलो. माणसं देवासारखी, पण मलाच धाकधूक. दुसरी पोळी वाढली की डोळे भरून यायचे, आणि तिसरी घेताना मी दाराकडे बघायचो, कुणी परत न्यायला तर आलं नाही ना! नानांनी कोलशेतच्या एका कारखान्यातल्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. भेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. जमलं तर नोकरी, नाहीतर दिवाळीच्या आत परतीची बोट.

"दामू," नाना म्हणाले, "बापूचं पेन खिशाला लावून जा. सोन्याचं पेन दिसलं की शिक्षण कोणी विचारत नाही. आणि साहेबांसमोर वळवळायचं नाही. खांबासारखं उभं राहायचं!"

दसऱ्याला आत्याने पाटावर सरस्वती काढली, पुस्तकं मांडली. नाना आणि बापू आपट्याची पानं आणायला बाजारात गेलेले. आत्याने पेन ताम्हनात ठेवलं आणि चक्क टोपण उघडलं.

"आत्या, हे कशाला?"

"अरे, अभिषेकाला देवाचे कपडे उतरवतात की नाही?"

दूध, दही, तूप, मध, साखर! हंसाला न्हाऊ घालून उरलेलं तिने टोपणात ओतलं ("त्यालाही प्रसाद नको?") आणि वरून टोपण घट्ट बसवलं. मी पळी धरून उभा. ज्या घरचं खायचं, त्या घराला 'नको' कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी निघताना आत्याने हातावर दही-साखर ठेवली. (गोडाची आधीच काय कमी होती!) पेन खिशाला लावून, ठाण्याला उतरून टांग्याने कोलशेतला पोचलो. साहेबांच्या खोलीत शिरलो तेव्हा खिशाखाली गुदगुल्या व्हायला लागल्या. आणि मग पहिली लाल मुंगी चावली.

"नाव?"

"दामोदर! आपले फार उपकार आहेत, साहेब!"

"अजून केलेच नाहीत मी. शिक्षण?"

मी नुसतं खिशाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात दोन चावल्या. एक काखेकडे निघाली. मी खांब!

"व्वा, सोन्याचं दिसतंय. घे, नाव लिहून दाखव."

मी टोपण उघडलं. दह्याची एक गुठळी टपकन कागदावर पडली. निब टेकवलं तर आधी मुंगी बाहेर आली, मग तूप. माझ्या नावाच्या जागी एक डाग पसरला आणि त्यातून खालचं टेबल दिसायला लागलं!

साहेबांनी नाक पुढे आणलं. "काय आहे रे हे?"

"पंचामृत."

"पेनात?"

"कालच्या पूजेचं आहे, साहेब. तीर्थ."

आता तीर्थ म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात काय करतो? साहेबांचा उजवा हात आपोआप पुढे आला, तळव्याची वाटी झाली. मी पेन झटकलं. दोन थेंब पडले. साहेबांनी डोळे मिटून तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला. मग जीभ आत-बाहेर करत विचारलं, "ह्यात मुंगी होती का रे?"

"एकच, साहेब. बाकीच्या माझ्या सदऱ्यात आहेत."

"चावताहेत?"

"आत आल्यापासून."

"मग हलला का नाहीस?"

"नाना म्हणाले, वळवळायचं नाही."

साहेबांनी तो डागाळलेला कागद बाजूला सारला. "कारकुनीत तुझं काही खरं नाही," ते म्हणाले, "पण असा माणूस मला गेटवर पाहिजे!"

घरी आत्या म्हणाली, "बघितलंत? हंस पावला!" बापू मात्र दोन दिवस ऊन पाण्यात पेन बुडवून बसले होते.

पुढे रजा संपल्यावर पलटणीत परत निघताना ते मला भेटायला कारखान्यावर आले. खिशाला तेच पेन. भर दुपारी मी गेटवर पहारा करत होतो. एक पाय दुखायला लागला की तो उचलून दुसऱ्या गुडघ्याला टेकवायची मला सवय लागलेली. बापूंनी टोपणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टोपणाकडे पाहिलं.

"दामू," ते म्हणाले, "नानाच बरोबर होता रे. बगळाच आहे!"