जवळच्या व्यक्तीचा नंबर

वाचनालयाच्या सभासदत्वाचा ऑनलाइन फॉर्म मी बनवलाय. दुपारी एका आजोबांचा फोन आला. "अहो, सगळं भरलं, तरी फॉर्म पुढे जातच नाही." एकेक चौकट विचारली, तर 'जवळच्या व्यक्तीचा नंबर' या चौकटीत त्यांनी स्वतःचाच नंबर पुन्हा टाकला होता. दोन्ही नंबर एकच नकोत, ही अट माझीच.

"दुसऱ्या कुणाचा तरी टाका ना," मी म्हणालो.

"कुणाचा टाकू?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

जवळचं कुणीतरी असतंच, हे मी किती सहज धरून चाललो होतो!

फॉर्म तपासताना मी त्या चौकटीत नेहमी दहा वेळा नऊ दाबतो. आज म्हटलं, खरा नंबर टाकू. कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला.

मग ती चौकट मी ऐच्छिक करून टाकली. आजोबांसाठी, असं स्वतःला सांगितलं.